फटफटीचे पासिंग होते, रस्त्याचे कोण करणार?



या पत्रकात आम्ही नेहमी कपाशीच्या आणि ज्वारीच्या भावावर लिहितो. या वेळी मोटारसायकलवर लिहितो आहोत. विषय किरकोळ वाटेल, पण शेवगाव, पाथर्डी, कर्जत, जामखेड या भागात कोणत्याही पारावर बसा, भावाचे रडगाणे संपले की माणसे हाच विषय काढतात. कोणाचे रिपासिंग राहिले, कोणाचा विमा चार दिवसांनी चुकला, कोणाला नंबरप्लेटची तारीख मिळेना. एकेकट्याने बोलले की ती तक्रार ठरते आणि साहेब म्हणतो, "कागद पुरे का नाही ठेवत?" सगळ्यांनी मिळून हिशेब मांडला की ते धोरण असल्याचे कळते. तो हिशेब इथे मांडायचा आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. मोटारसायकल ही कोरडवाहू शेतकऱ्याची हौस नाही, ते अवजार आहे. पांभर आणि कोळपे जसे अवजार, तशीच ही फटफटी. तीस वर्षांपूर्वी गावात एखादी राजदूत, दोन-तीन एम-८० आणि कायनेटिकची लूना असे. लूना तर आपल्याच नगरच्या कारखान्यातून बाहेर पडे. तेव्हा गाडी असणारा माणूस वेगळा ओळखू येई. आज गाडीशिवाय शेतीच होत नाही. फवारणीचा पंप आणि औषध तिच्यावर जाते. दुधाच्या किटल्या तिच्यावर, कडब्याच्या पेंढ्या तिच्यावर, दुष्काळात पाण्याचे कॅन तिच्यावरच. कपाशी वेचायला मजूर आणायचे तर गाडी. बाळंतपणाला तालुक्याला न्यायचे तरी गाडीच. पूर्वी गावात एसटीची मुक्कामी गाडी असायची. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात एसटी बंद पडली आणि काही गावांची मुक्कामी गाडी त्यानंतर परत आलीच नाही. म्हणजे सरकारने आपली गाडी काढून घेतली आणि शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने स्वतःची गाडी घेतली. त्या गाडीमागे आता सरकार चार कागद घेऊन लागले आहे.

गाडी घेतानाच आपण वाहनकर एकरकमी भरतो. आरसी बुक मिळते पंधरा वर्षांचे. पंधरा वर्षे झाली की गाडी पुन्हा कचेरीत न्यायची, निरीक्षक साहेबांना दाखवायची, चेसी नंबर आणि इंजिन नंबर जुळवून घ्यायचा, आणि मग पुढची पाच वर्षे मिळतात. याला आपण रिपासिंग म्हणतो. शहरातला नोकरदार पंधरा वर्षे एक गाडी ठेवतच नाही. पाच-सात वर्षांत तो ती विकतो आणि ती आपल्या बाजारात येते. म्हणजे तिच्या ऐन उमेदीची वर्षे शहरात जातात, म्हातारपण आपल्याकडे. पासिंगचा खर्च म्हातारपणाचा आहे, तेव्हा तो पडतो कोणाच्या बोकांडी हे सांगायला अर्थशास्त्री नको.

आता आकडे बघा. १ एप्रिल २०२२ पूर्वी मोटारसायकलच्या रिपासिंगची फी तीनशे रुपये होती. त्या तारखेपासून ती हजार झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने नवी अधिसूचना काढली आणि वीस वर्षांवरच्या मोटारसायकलला दोन हजार केली. साडेतीन वर्षांच्या आत तीनशेचे दोन हजार. याच काळात सरकारने आपल्या मालदांडीचा हमीभाव २०२१-२२ च्या २,७५८ रुपयांवरून २०२५-२६ ला ३,७४९ रुपयांवर नेला. फी जवळजवळ सातपट, ज्वारी दीडपटसुद्धा नाही. तेव्हा तीनशे रुपये म्हणजे अकरा किलो ज्वारी. आज दोन हजार म्हणजे त्रेपन्न किलो. आणि ही ज्वारी हमीभावाने विकली गेली असे धरून. आडतीवर काय भाव निघतो ते तुम्हाला आम्ही काय सांगावे!

एवढ्यावर भागत नाही. राज्य सरकारचा पर्यावरण कर वेगळा. तो २०१० साली आला आणि पंधरा वर्षांवरच्या दुचाकीला पाच वर्षांसाठी दोन हजार रुपये आहे. नव्या नंबरप्लेटचे ४५० आणि त्यावर जीएसटी, एकूण ५३१. विम्याचे, म्हणजे नुसत्या थर्ड पार्टीचे, ७५ ते १५० सीसीच्या गाडीला २०२२ च्या जूनपासूनचा दर ७१४ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, मिळून ८४३. पीयूसीचे ५०. वीस वर्षांवरच्या गाडीचे हे सगळे एका वर्षात आले तर बेरीज होते ५,४२४ रुपये. हमीभावाने मध्यम धाग्याचा कापूस ७,७१० रुपये क्विंटल धरला तर सत्तर किलो कापूस झाला. त्यातून वेचणी वजा करायची ती आपल्या खिशातून. अशा गाडीला बाजारात काय किंमत येते ते ज्याने विकून पाहिली त्यालाच विचारा.

रिपासिंगला उशीर झाला तर? दर महिन्याला तीनशे रुपये जादा. महिना भरलेला नसला तरी पूर्ण महिना धरायचा. पाथर्डी-शेवगाव-जामखेडचा ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीला गाव सोडतो तो पाडव्याच्या सुमाराला परततो. त्याच्या गाडीची मुदत कार्तिकात संपली तर तो कोयता खाली ठेवून नगरला येणार आहे का? सहा महिन्यांचे अठराशे रुपये त्याच्या नावावर चढतात, आणि चढवणाऱ्याला त्यात काही चुकीचे वाटत नाही, कारण त्याच्या कॅलेंडरात ऊसतोडीचा हंगाम नाही. इंग्रजाने शेतसाऱ्याचा हप्ता सुगी बघून ठरवला होता. परक्या सरकारला जे कळले ते आपल्याला कळू नये, हे नवल आहे.

सरकारला हंगाम कळत नाही असेही नाही. ज्याचा कळायचा त्याचा बरोबर कळतो. ज्या ऑगस्टमध्ये मोटारसायकलची फी दुप्पट झाली, त्याच ऑगस्ट २०२५ मध्ये कापसाचे ११ टक्के आयात शुल्क एका कागदाने माफ झाले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात येतो तेवढ्या काळासाठी. गिरणीमालकाची अडचण दिल्लीला चार दिवसांत समजली. तुमची फी वाढवताना कोणी विचारलेसुद्धा नाही.

आता अंतर. नगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटर. २०२४ मध्ये त्याचे नाव अहिल्यानगर झाले, अंतर मात्र तेवढेच राहिले. चौदा तालुक्यांना गाड्यांच्या कचेऱ्या दोन. नगरची एमएच-१६ आणि श्रीरामपूरची एमएच-१७. जामखेडहून नगर पाऊणशे किलोमीटर, आणि खर्ड्याकडच्या गावांचा माणूस त्याच्याही पलीकडून येतो. जाऊन-येऊन दीडशे-दोनशे किलोमीटर, त्याच गाडीवर, जिचे पासिंग संपले म्हणून ती रस्त्यावर आणू नये असा कायदा आहे! पासिंग संपलेली गाडी पासिंगला न्यायची कशी, हे कोडे कायदा करणाऱ्याने सोडवलेले नाही. टेम्पोत घालून न्यायची तर टेम्पोचे भाडे फीपेक्षा जास्त.

अर्ज आता ऑनलाइन आहे, ही मोठी सुधारणा म्हणून सांगितली जाते. अर्ज ऑनलाइन आहे, पण गाडी ऑनलाइन जात नाही. तारीख घ्यायची, आधारला जोडलेला मोबाइल नंबर हवा, तो नंबर मुलगा पुण्याला गेला तेव्हा बरोबर घेऊन गेलेला. मग कॉम्प्युटर सेंटरवाल्याचे पैसे, मग ठरल्या दिवशी वीज किंवा सर्व्हर नसेल तर दुसरी तारीख. दोन खेपा झाल्या की दोन दिवसांचा रोज बुडाला आणि पेट्रोल गेले. फीची पावती मिळते. या खर्चाची पावती कोणी देत नाही. म्हणून माणूस एजंटाकडे जातो, आणि मग एजंट लुटतो म्हणून एजंटाला शिव्या देतो. आमचे म्हणणे असे, की एजंट हे दुखणे नाही, ते लक्षण आहे. ज्वारीची लेव्ही होती, कापसाची एकाधिकार खरेदी होती, राज्याबाहेर कापूस न्यायला बंदी होती, तेव्हाही नाक्यानाक्यावर असेच मधले लोक उभे राहिले होते. जिथे सरळ काम करायला दोनशे किलोमीटर लागतात तिथे वाकडे काम करणारा मधे दुकान टाकणारच. १९९१ साली लायसन्स-परमिट राज संपले असे सांगतात. कारखानदाराचे संपले असेल. फटफटीवाल्याचे तेव्हा सुरू व्हायचे होते.

आणि एवढे करून तपासतात काय? पीयूसीला सायलेन्सरमध्ये नळी घालून धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. चांगले आहे, धूर कमी व्हावा हे आम्हालाही मान्य. पण त्याची मुदत बघा. बीएस-४ आणि पुढच्या गाडीला पीयूसी वर्षाची, त्याआधीच्या गाडीला सहा महिन्यांची. म्हणजे जुनी गाडी असणाऱ्याने, अर्थात गरिबाने, वर्षात दोनदा खेप मारायची. मशिन बहुतेक ठिकाणी तालुक्याच्या पेट्रोलपंपापाशी. पन्नास रुपयांच्या कागदासाठी शंभराचे पेट्रोल. तो कागद नसला तर कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्सही तीन महिने रद्द. दिवसाला दोन-पाच लिटर दूध डेअरीला घालायला जाणारी फटफटी दिवसात दहा किलोमीटर चालत असेल. तिच्या धुराने हवा बिघडते आणि शेकडो गाड्या उभ्या असलेल्या शहरातल्या चौकात बिघडत नाही, असे मानून हा नियम सगळ्यांना सारखा लावला आहे.

माणसे मरतात कशाने? २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची, म्हणजे शंभरात चव्वेचाळीस. हा सरकारचाच आकडा. आपल्या भागात कोणत्याही गावी जाऊन विचारा, गेल्या पाच वर्षांत कोण कसा गेला. उत्तरे तीच येतील. गाळपाच्या हंगामात उसाने भरलेली ट्रॉली रात्री रस्त्याच्या कडेला उभी, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, मोटारसायकल मागून जाऊन आदळली. खड्डा चुकवायला गेला आणि समोरून ट्रक आला. डांबर टाकले आणि साइडपट्टी भरलीच नाही, चाक खाली उतरले आणि गाडी कलंडली. यातले एकही मरण पीयूसीने टळत नाही. चेसी नंबर जुळला म्हणूनही टळत नाही.

मग रस्त्याचे पासिंग कोण करतो? २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात १४,९२६ माणसे नुसत्या खड्ड्यांनी मेली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हा आकडा आला आणि न्यायालयाने तो अस्वीकारार्ह म्हटला. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. रस्ता ठरल्या दर्जाने बांधला नाही, राखला नाही आणि त्यामुळे माणूस मेला किंवा पंगू झाला, तर ठेकेदाराला किंवा जबाबदार अधिकाऱ्याला एक लाखापर्यंत दंड. किती ठेकेदारांना हा दंड झाल्याचे तुम्ही ऐकले? त्याच दुरुस्तीत विमा नसलेल्या गाडीचा दंड दोन हजार झाला आणि दुसऱ्यांदा सापडल्यास चार हजार. तो मात्र मोबाइलवर फोटो काढून जागच्या जागी लागतो. एकाच कायद्याची दोन कलमे. एक शेतकऱ्यावर रोज चालते, दुसरे ठेकेदारावर चालायला मुहूर्त सापडत नाही. नगर-मनमाड रस्त्याचे वर्षानुवर्षे काय हाल आहेत ते जिल्ह्याला माहीत आहे. तो रस्ता मोटारसायकल असता तर कधीच जप्त झाला असता.

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मात्र एक काम केले. खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने माणूस मेला तर वारसाला सहा लाख, जखमीला जखमेप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख, आणि ही रक्कम जबाबदार अधिकारी-ठेकेदाराकडून वसूल करायची, असा आदेश दिला. हा आदेश शहरांतल्या खड्ड्यांवरून सुरू झालेल्या प्रकरणात आला आहे. पण खड्डा गावाकडचा असला म्हणून माणूस कमी मरत नाही. अशा प्रकरणात पंचनामा होताना त्यात खड्ड्याचा उल्लेख आला पाहिजे. बहुतेक वेळा पंचनाम्यात लिहिले जाते, "चालकाने हयगयीने गाडी चालविली." मेलेला माणूस उलट बोलत नाही, म्हणून दोष त्याच्या नावावर लिहिणे सोपे जाते. गावातल्या माणसांनी तिथे उभे राहून खड्ड्याची लांबी-रुंदी लिहायला लावावी, फोटो काढावा.

आता विमा. इथे आम्हाला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण इथे फसगत सर्वांत मोठी आहे आणि कळते ती माणूस गेल्यावर.

आम्ही विम्याच्या विरुद्ध नाही. आपल्या गाडीखाली कोणी आले तर त्याच्या घरच्याला काही मिळाले पाहिजे, आणि गाडीखाली येणाराही आपल्यातलाच असतो. बांधावरून चालत निघालेला म्हातारा, शाळेतून येणारी पोर. त्यामुळे कोणी "विमा भरू नका" असा प्रचार करत असेल तर ती चळवळ नव्हे, ते घात करणे आहे. विमा नसलेल्या गाडीने माणूस मेला तर जिल्हा न्यायालयातले न्यायाधिकरण जी रक्कम ठरवते ती मालकाला भरावी लागते आणि ती जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करता येते. जमीन महसुलाची थकबाकी म्हणजे काय हे या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. ८४३ रुपयांच्या कागदापायी चार एकर जमीन पणाला लागते.

पण हा सक्तीचा विमा घेऊन आपण समजतो काय? आपण समजतो, गाडीचा विमा काढला म्हणजे गाडीवर बसलेल्यांचा विमा झाला. तसे नाही. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस, गाडीबाहेरचा. मागे बसलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००६ साली निकाल लागला, की कायद्याने सक्तीची असलेली नुसती पॉलिसी फुकट मागे बसवलेल्या माणसाला लागू होत नाही. भावांनो, आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर कोण बसते? घरची बाई बसते. कडेवर पोर घेऊन बसते. माहेरी, बाजाराला, दवाखान्यात, वेचणीला ती त्याच सीटवरून जाते. सरकार दंडाचा धाक घालून जो विमा घ्यायला लावते त्यात तिचे नावच नाही! पॅकेज पॉलिसीत, ज्याला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो, मागचा माणूस येतो. पण जुन्या गाडीला फुल इन्शुरन्स द्यायला कंपन्या नाखूष असतात आणि आपल्यालाही तो परवडत नाही. म्हणजे पुन्हा तेच. जिची गाडी नवी तिला संरक्षण, जिची जुनी तिला वाऱ्यावर.

आणि चालवणाऱ्याचे? मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा २०१८ पासून आहे, त्याचा हप्ता वेगळा. पण तो मालकाचा, आणि मालक स्वतः चालवत असेल, त्याचे लायसन्स चालू असेल तरच. आपल्या घरात आरसी बुक बापाच्या नावावर असते, गाडी मुलगा चालवतो. कित्येक घरांत बाप वारून पाच वर्षे झाली तरी गाडी त्याच्याच नावावर असते, जशी जमीन सातबाऱ्यावर आजोबाच्या नावाने असते तशी. हप्ता भरत जातो आणि वेळ आली की कंपनी विचारते, मालक कोण?

बाजारातून घेतलेल्या गाडीची गोष्ट आणखी बिकट. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी चार हात फिरते, टीटी कोणीच करत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गाडी कितीही हात फिरो, कचेरीच्या दप्तरात ज्याचे नाव आहे तोच मालक आणि भरपाई त्याच्याकडून. तुम्ही दहा वर्षांपूर्वी विकलेली गाडी आज कोठे, कोणाच्या हाती आहे हे तुम्हाला माहीत आहे का? तुमचे नाव मात्र तिच्यावर आहे.

हे सगळे समजावून सांगायचे काम कोणाचे होते? विमा विकणाऱ्याचे आणि सक्ती करणाऱ्याचे. दोघांनीही केले नाही. उलट अडचणी वाढवल्या. १० ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या प्रदूषणाच्या प्रकरणात आदेश दिला, की पीयूसी नसेल तर विम्याचे नूतनीकरण करू नये. धुराचा प्रश्न दिल्लीचा आणि विमा अडला जामखेडच्या माणसाचा. सात वर्षे हा नियम होता. विमा कंपन्यांनीच शेवटी न्यायालयात जाऊन सांगितले, की यामुळे लोक विमाच काढत नाहीत आणि अपघातग्रस्तांना काही मिळत नाही. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने ही अट काढून टाकली. देशातल्या निम्म्याहून जास्त गाड्यांना विमा नाही, हे त्याच सुमाराला संसदेच्या समितीपुढेही आले. निम्म्याहून जास्त लोक ज्या कायद्यात गुन्हेगार ठरतात, तिथे लोक बिघडलेले नसतात. कायद्याची मांडणी बिघडलेली असते.

कंपन्यांवर भरवसा ठेवावा तर तोही सरकारनेच मोडीत काढला आहे. शेतकऱ्यांच्या अपघात विम्याची योजना राज्यात २००५-०६ पासून होती, पुढे तिला गोपीनाथ मुंडे यांचे नाव दिले. सरकार हप्ता भरी आणि कंपनी दावे तपाशी. २०२३ च्या एप्रिलमध्ये सरकारने कंपन्यांना त्यातून बाजूला केले आणि मृत्यूचे दोन लाख थेट सानुग्रह अनुदान म्हणून द्यायचे ठरवले. कारण काय दिले? कंपन्या दावे वेळेत मंजूर करत नाहीत, नको त्या त्रुटी काढून नाकारतात. सरकारला स्वतःच्या हप्त्यावर जे सोसवले नाही ते शेतकऱ्याने आपल्या हप्त्यावर निमूट सोसावे, असा हा न्याय. पीकविम्याचेही पाहा. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा असा गाजावाजा झाला, २०२५ च्या खरिपात तो बंद आणि कपाशीला पुन्हा पाच टक्के हप्ता.

तेव्हा आमचे मागणे काय? पासिंग रद्द करा, असे आम्ही म्हणत नाही. ब्रेक नसलेली गाडी रस्त्यावर येऊ नये. पण तपासणी तालुक्याला आणा, बाजाराच्या दिवशी. लायसन्ससाठी तालुक्याला कॅम्प लागतात, तसे पंधरा वर्षांवरच्या मोटारसायकलींचे लावा. जागा नाही म्हणाल तर तालुक्याच्या आयटीआयमध्ये लावा. मोटार मेकॅनिक शिकणारी पोरे ब्रेक, दिवा, टायर बघतील, साहेबाने सही करावी. देशातल्या गाड्यांची चाचणी करणारी संरक्षण खात्याची व्हीआरडीई संस्था आपल्या नगरच्या वाहननगरला आहे. रणगाडा तपासायचे शास्त्र ज्या जिल्ह्यात आहे तिथे स्प्लेंडर तपासायला माणूस मिळत नाही, हे कोणाला पटावे?

वीस वर्षांवरच्या गाडीची दोन हजार फी शेतीच्या कामातल्या मोटारसायकलला लावू नये. सातबारा दाखवणाऱ्याला जुनी तीनशेचीच फी असावी. राज्याचा पर्यावरण कर आणि केंद्राची वाढीव फी ही एकाच म्हातारपणावरची दुहेरी पट्टी आहे, त्यातली एक जावी. मुदत संपल्यावर नव्वद दिवसांपर्यंत दंडही नको आणि महिन्याचे तीनशेही नकोत. ऊसतोडीला गेलेल्याला ही सवलत हंगाम संपेपर्यंत हवी. पीयूसी सगळ्यांना वर्षाची करा.

सगळ्यांत आधी हे करा: सक्तीच्या विम्यात मागच्या सीटवरचा माणूस घाला. त्यासाठी हप्ता थोडा वाढला तरी आम्ही भरू, पण पन्नास-शंभर रुपये वाचवून घरच्या बाईला उघडे ठेवणारा विमा आम्हाला नको. या मागणीवर वाद होईल, कारण हप्ता वाढवा असे शेतकऱ्याच्या पत्रकाने म्हणणे काहींना रुचणार नाही. तो वाद बैठकीत होऊ द्या.

तोवर आपल्या हातात आहे ते करायचे. अपघात झाला तर उपचाराचे पैसे नाहीत म्हणून घरी परतू नका. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार पैसे न भरता मिळण्याची योजना केंद्राने अधिसूचित केली आहे, ठरलेल्या दवाखान्यात ती मागून घ्या. गाडी ठोकून पळून गेली आणि सापडली नाही तरी मृताच्या वारसाला दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार मिळतात. हा दर १ एप्रिल २०२२ पासून आहे आणि अर्ज प्रांत किंवा तहसील कचेरीतून जातो. किती घरांनी तो केला ते गावात विचारून बघा.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गावात मोटारसायकली किती, पंधरा वर्षांवरच्या किती, मेलेल्या माणसाच्या नावावर किती, विमा नसलेल्या किती, आणि गेल्या पाच वर्षांत गाडीवर गेलेली माणसे किती, त्यांतली मागे बसलेली किती. नावे नकोत, आकडे हवेत. खालच्या बाजूला गावापासून कचेरीचे अंतर लिहावे. विकलेल्या गाडीची टीटी राहिली असेल त्यांनी आरसीची झेरॉक्स आणि विकत घेणाऱ्याचा पत्ता बरोबर ठेवावा, दुपारच्या सत्रानंतर फॉर्म भरून देण्याचे काम आपलेच कार्यकर्ते करतील. त्याचे पैसे घेतले जाणार नाहीत.